माग कुणाच्या ताब्यात?

अहमदाबाद मॅन्युफॅक्चरिंग अँड कॅलिको प्रिंटिंग कंपनीने १९५२ साली आपल्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले. बाण्याची कांडी संपत आली की हा माग स्वतःच नवी कांडी घेतो आणि ताण्याचा धागा तुटला की स्वतःच थांबतो. साध्या मागांवर दोन मागांमागे एक विणकर लागे. इथे एकाच विणकराला पंचवीस-तीस माग सांभाळता येणार होते. यंत्रे नवी होती, माणसे अनुभवी होती, कामाचा अभ्यास करून प्रत्येकाच्या वाट्याचा बोजाही शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवला होता. तरी महिने उलटले आणि उत्पादन काही अपेक्षेइतके वाढेना, खराब कापडाचे प्रमाणही उतरेना. कंपनीची सूत्रे तेव्हा गौतम साराभाई यांच्याकडे होती. त्यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटशी संबंध जोडला आणि १९५३ साली त्या संस्थेचे ए. के. राइस या मागांच्या साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, येऊन उभे राहिले. पुढे जे घडले त्यावर राइस यांनी त्याच वर्षी निबंध लिहिला आणि १९५८ साली पुस्तक काढले. व्यवस्थापनशास्त्राच्या जगभरच्या अभ्यासक्रमांत हा ‘अहमदाबाद प्रयोग’ शिकवला गेला. आपल्याकडे गिरण्यांचा इतिहास लिहिताना मात्र संप, मालक आणि पुढारी यांच्या गर्दीत तो बहुतेक हरवतो. हे नुकसान मोठे आहे, कारण माणसे एकत्र येऊन नीट काम कधी करतात, या प्रश्नाचे जे उत्तर या खात्यात सापडले ते आजही पुरते पचलेले नाही.

त्या खात्यात २२४ माग होते आणि पर्यवेक्षक धरून २९ माणसे. पर्यवेक्षक सोडला तर उरलेल्या २८ जणांची कामे बारा प्रकारची. आठ विणकर तुटलेले धागे जोडून माग पुन्हा चालू करत. पाच जण मागाच्या बॅटरीत कांड्या भरत. एखाद्या मागावर एकदम बरेच धागे तुटले की ते सांधायला तीन वेगळी माणसे होती. ताण्याचा बीम संपला की नवा बीम चढवायला दोघे, माग दुरुस्त करायला दोन जॉबर आणि त्यांचे दोन मदतनीस. यांखेरीज कांड्या वाहणारा एक, तयार कापड उचलणारा एक, तेलवाला एक, झाडूवाला एक, हवेत ओलावा राखणाऱ्या यंत्रणेचा फिटर एक, आणि कांडी संपत आल्याचे ओळखणाऱ्या यंत्रणेचा फिटर एक. कागदावर हे वाटप निर्दोष होते. आता एका विणकराच्या जागी उभे राहून पाहावे. त्याच्याकडे अठ्ठावीस-तीस माग. बॅटरी भरणाऱ्याकडे चाळीस ते पन्नास. धागे सांधणाऱ्याकडे सत्तर-पंचाहत्तर, जॉबरकडे ११२. कुणाचीच हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी जुळत नाही. राइस यांनी हिशेब मांडला तेव्हा निघाले की या विणकराच्या वाट्याला बॅटरी भरणारा पाच-अष्टमांश येतो, धागे सांधणारा तीन-अष्टमांश आणि बीम चढवणारा एक-चतुर्थांश. माग बंद पडला की त्याने कुणाला हाक मारायची? ज्याला मारायची तो त्या क्षणी शेजारच्या विणकराच्या मागावर वाकलेला असणार, आणि तिथले काम टाकून इकडे येण्याचे त्याला काही कारण नाही. दोघांचा वरिष्ठ वेगळा नाही, पण दोघांचे हितही एक नाही. तंट्याचा निवाडा करायला एकच पर्यवेक्षक, आणि त्याच्या डोक्यावर सगळेच्या सगळे २२४ माग.

त्या खात्याकडे असे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते, आणि या लेखाचे म्हणणे तेच आहे. माणसांच्या एकत्र काम करण्याच्या क्षमतेचा शोध आपण नेहमी माणसांच्या मनात घेतो: वृत्ती, निष्ठा, शिस्त, पुढाऱ्याचा वकूब. ज्युबिली मिलच्या या खात्यात वृत्तीचा दोष कुणी दाखवू शकत नव्हता. सगळी माणसे राबत होती. पण खात्यात गट असा नव्हताच, कारण कामाची मांडणीच अशी होती की कुठल्याही चार माणसांना ‘हे आपले’ म्हणता येईल असा कामाचा सलग तुकडा शिल्लक नव्हता. सहकार्य मागायचे तर आधी ते करण्याजोगी जागा द्यावी लागते. ती जागा काम वाटून देणारा तयार करतो किंवा मोडतो. राबणाऱ्याच्या हाती ते फार थोडे असते.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या म्हणण्याच्या विरोधात पुरावा म्हणून उभा करता येईल. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीचा पाया घातला तेव्हापासून गिरणगावातला कामगार टोळीनेच कामाला लागला. जॉबर किंवा मुकादम आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे आणी. वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये बायकांसाठी हेच काम नायकीण करी. एका गावचे लोक एका खोलीत राहत, एका खानावळीत जेवत, एकाच्या अडचणीला दुसरा धावत असे. एवढी जवळीक असताना साळखात्यात एकोपा का दिसला नाही? की दिसला, आणि आपण चुकीच्या ठिकाणी पाहत आहोत? माझ्या मते तो भरपूर होता, फक्त तो कामावर नव्हता. तो चाळीत, गावकीच्या गटात, व्यायामशाळेत आणि संपात होता. कामावर सगळे दोर जॉबरच्या हातात जात. भरती त्याची, रजा त्याची, खाडे झाल्यावर पुन्हा घेणे त्याचे, अनेकदा कर्जही त्याचेच. त्याची दस्तुरी चुकली तर मागही चुकला. दोन विणकरांचा एकमेकांशी असलेला संबंध त्याच्यामार्फत चाले. १९३१ साली शाही श्रम आयोगाने जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली आणि १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांची नोंद ठेवून ही सत्ता कापायला सुरुवात केली.

त्याहून बोलका पुरावा दंडाचा आहे. मुंबईचा विणकर तुकड्यावर काम करी आणि कापड खराब निघाले की त्याच्या पगारातून कापून घेत; पुष्कळ गिरण्यांत ते खराब कापड किंमत लावून त्याच्याच गळ्यात मारत. आता कापड खराब कशाने होते? कापसाच्या भेसळीत हलका माल आला, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात सूत कच्चे निघाले, सायझिंगमध्ये खळ नीट बसली नाही, हवेतला ओलावा कमी पडला, तरी धागा तुटतो तो शेवटी मागावर, आणि उत्तर द्यायचे ते विणकराने. चार खात्यांचे पाप एका माणसाच्या नावावर लिहिणारी ही पद्धत होती. १९२८ साली मालकांनी दोनऐवजी तीन माग चालवण्याची योजना रेटली तेव्हा जपानचा दाखला दिला. कामगारांचे उत्तर होते की आधी सूत सुधारा. त्या वर्षीचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप, त्यात दीड लाखांच्या आसपास कामगार, त्यातून उभी राहिलेली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन आणि संपाच्या चौकशीसाठी त्यानंतर बसलेली फॉसेट समिती, या सगळ्याच्या मुळाशी हा साधा मुद्दा होता. ‘एका माणसामागे किती माग’ हा हिशेब मालक करत होते. कामगार सांगत होते की माग एका माणसाचा नसतोच. दुर्दैवाने ही गोष्ट वाटाघाटींच्या मेजावर पगार आणि मागांचे आकडे यांच्याच भाषेत बोलता आली, कामाच्या मांडणीच्या भाषेत कुणी ती मांडली नाही. युनियननेही नाही.

राइस यांच्याकडे ही भाषा होती, कारण टॅव्हिस्टॉकने ती इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत शिकली होती. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांचा खाणकामावरचा निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला. बॅमफोर्थ स्वतः अनेक वर्षे खाणीत कोळसा काढलेला माणूस. जुन्या पद्धतीत दोघे-तिघे खाणकरी एकमेकांना निवडून, मिळून कंत्राट घेत आणि कोळशाच्या आपल्या जागी खणण्यापासून भरण्यापर्यंत सगळे करत. नंतर यंत्रे आली आणि लांबलचक भिंतीवर चाळीसेक माणसांचे काम तीन पाळ्यांत चिरले गेले: एका पाळीने कापायचे, दुसरीने वाहक पट्टा हलवायचा, तिसरीने भरायचे. आधीच्या पाळीची कसर पुढच्या पाळीच्या माथी, आणि त्या दोन पाळ्यांची माणसे एकमेकांना भेटतही नसत. कुढणे, खाडे आणि दोषारोप वाढले. पण दक्षिण यॉर्कशरमधल्या एका खाणीत नव्या यंत्रांसह पुन्हा लहान, स्वतःचे काम स्वतः वाटून घेणारे गट उभे राहिलेले या अभ्यासकांनी पाहिले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की यंत्र एकच मांडणी मागत नाही. एकाच यंत्राभोवती काम दोन तऱ्हांनी रचता येते, आणि त्यातली कोणती घ्यायची हे ठरवणे माणसाच्या हाती असते.

अहमदाबादेत राइस यांनी सुचवले ते एवढेच: मागांचा एक सलग पट्टा सातेक माणसांच्या गटाकडे द्यावा आणि त्या पट्ट्याचे विणणे, बॅटरी भरणे, धागे सांधणे, बीम चढवणे, दुरुस्ती हे सगळे त्याच गटात असावे. कामांचे प्रकार थोड्या श्रेणींत बसवावेत, म्हणजे हात मोकळा असेल त्याने दुसऱ्याचे काम उचलावे. गटाचा म्होरक्या गटातलाच. ही कल्पना पर्यवेक्षक आणि कामगार यांच्यापुढे ठेवली गेली तेव्हा तिच्या चाचणीचे वेळापत्रकही तयार नव्हते. राइस लिहितात की दुसऱ्या दिवसापर्यंत कामगारांनी आपापसांत बोलून, कोण कुणाबरोबर बसेल हे ठरवून, गट पाडून टाकले होते. मला या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो. ज्यांना महिनोन्महिने कमी उत्पादनाबद्दल बोल लावले जात होते, त्यांना खात्याची नेमकी व्याधी आधीपासून ठाऊक होती, नाहीतर इतक्या झटपट ती दुरुस्त करायला ते धावले नसते. मांडणी स्थिरावल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या घरात गेली आणि खराब कापड ३२ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर आले. यंत्रे तीच, माणसे तीच, छप्पर तेच.

यावर पहिला आक्षेप पैशाचा आहे आणि तो हलका नाही. नव्या मांडणीत कामगारांची कमाईही वाढली. भारतातल्या टीकाकारांनी पुढे म्हटले की उत्पादन वाढले ते पगाराने, गटाबिटाचे नाव फुकट घेतले जाते. पैशाने काम वाढते हे नाकारण्यात अर्थ नाही. पोटाची गरज असलेल्या माणसाला त्यासाठी कमी लेखणे हे तर त्याहून वाईट. पण हा खुलासा अर्धा आहे. तुकड्यावरच्या पगाराची लालूच मुंबईत आणि अहमदाबादेत पिढ्यान्‌पिढ्या होती. स्वयंचलित मागांच्या खात्यातही कामाप्रमाणे मोबदला होताच. बॅटरी भरणाऱ्याला जास्त पैसे देऊन तो पाच-अष्टमांशाचा पूर्ण माणूस होत नाही. पैशाचे बळ उपयोगाला यायला, त्या पैशासाठी ज्या गोष्टी कराव्या लागतात त्या करणाऱ्याच्या आवाक्यात असाव्या लागतात. शिवाय केवळ पैशासाठी घाई झाली असती तर वेग वाढून खराबी वाढायला हवी होती. इथे दोन्ही बाजू एकाच वेळी सुधारल्या.

दुसरा आक्षेप कौतुकाचा. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२७ पासून रिले जोडणाऱ्या मुलींवर प्रयोग झाले, उत्पादन चढत गेले, आणि त्यातून समजूत रूढ झाली की माणसांकडे कुणीतरी लक्ष दिले की ती जास्त काम करतात. तेव्हा परदेशी सल्लागार खात्यात उभा आहे याचाच हा परिणाम नसेल कशावरून? हॉथॉर्नची कथा सांगताना तिचा एक भाग लोक गाळतात. त्या पाच मुलींपैकी दोघी फार बोलतात म्हणून १९२८ साली त्यांना काढून तिथे दुसऱ्या आणल्या होत्या, म्हणजे ‘मायेने वागवल्याची’ ही गोष्ट वाटते तितकी निर्मळ नाही. आणि त्याच कारखान्यात १९३१-३२ साली तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांचे निरीक्षण झाले, तेव्हा दिसले की हा गट अतिशय घट्ट आहे आणि तो उत्पादन ठरावीक पातळीच्या वर जाऊ देत नाही. जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर सहकारी ठोसा मारत. दर कापले जातील, कुणाची तरी नोकरी जाईल, ही त्यामागची भीती होती. ती खुळी नव्हती. मंदीचे दिवस होते. म्हणून गट घट्ट असणे आणि गटाने चांगले काम करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळणी कशाभोवती झाली आहे ते पाहावे लागते. तारा जोडणाऱ्यांची जुळणी संरक्षणाभोवती होती, गिरणगावातली गावाभोवती. ज्युबिली मिलमध्ये ती मागांभोवती झाली, कारण माग त्या गटाच्या ताब्यात आले.

काहीजण याला अहमदाबादच्या मातीचा गुण म्हणतात. १९१८ चा संप, अनसूया साराभाई, गांधीजींचे उपोषण, शेवटी ठरलेली ३५ टक्के वाढ, १९२० पासूनचे मजूर महाजन, लवादाची परंपरा: या शहरात मालक-कामगार संबंध मुंबईसारखे तुटेपर्यंत ताणलेले नव्हते हे खरे. प्रयोग करू देण्याइतका विश्वास त्यातूनच आला असणार. पण परवानगी मिळणे वेगळे आणि गुण येणे वेगळे. तीच माती, तेच महाजन १९५२ सालीही होते, आणि तेव्हा माग रखडत होते. भारतीय माणूस एकत्र कुटुंबातला म्हणून गटात रमतो, हे स्पष्टीकरणही याच कारणाने टिकत नाही. ती माणसे आधीही भारतीयच होती.

खरा अवघड आक्षेप जातीचा आहे. गट ज्याने त्याने निवडायचा म्हटले तर आपल्याकडे माणूस कुणाला निवडील? मुंबईच्या साळखात्याने याचे उत्तर फार पूर्वीच दिले होते. जुन्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि धोटा हातोहाती फिरे. या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाईच्या कामापासून दूर ठेवले गेले. विणकराची कमाई सूतकताईपेक्षा चांगली होती, म्हणजे विटाळाच्या नावाखाली बरी नोकरीच राखून ठेवली होती. १९२८-२९ च्या संपांच्या दिवसांत डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला, कामगारांच्या एकीची भाषा बोलणाऱ्यांना तो गैरसोयीचा होता. अहमदाबादेतही दलित कामगार मुख्यतः त्रासन खात्यात होते. मग १९५३ साली साळखात्यात एकमेकांना निवडणारी माणसे ही दारातच गाळून आत आलेली होती, ही बाब राइस यांच्या यशाच्या कथेत मला बोचते. त्यामुळे गटाला दिलेले स्वातंत्र्य कुठपर्यंत, याची रेघ ओढावी लागते. काम कसे वाटायचे, कुणी कुणाची जागा घ्यायची, हे गटाने ठरवावे. खात्याच्या दारातून आत कोण येईल हे मात्र नियमाने, सर्वांना दिसेल असे, गटाच्या बाहेर ठरले पाहिजे. हे दुसरे काम टोळीकडे गेले की काय होते ते मुंबईने जॉबरच्या काळात ऐंशी वर्षे भोगले आहे. ही रेघ ओढल्याने माझा मूळ मुद्दा दुबळा होत नाही. काम मांडणाऱ्याची जबाबदारी उलट वाढते, कारण गट स्वतःहून न्यायी होत नाही.

शेवटी टिकाऊपणाचा प्रश्न. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९५३ ते १९७० या काळाचा मागोवा घेऊन १९७५ साली निबंध लिहिला. त्यांना दिसलेले चित्र सरळ नव्हते. एका साळखात्यात गटपद्धत जवळपास पहिल्यासारखीच चालू होती आणि कामाची पातळीही टिकून होती. नवलाईचा परिणाम म्हणावा तर तो सोळा वर्षे टिकत नाही, म्हणून हॉथॉर्नच्या आक्षेपाला हे एकच खाते पुरेसे उत्तर आहे. इतर ठिकाणी मात्र गट नावापुरते उरले होते किंवा गेलेच होते. कारणे कामगारांच्या उत्साहात सापडत नाहीत. बाजाराच्या मागणीप्रमाणे कापडाचे आणि सुताचे प्रकार बदलत गेले आणि गटाला स्वतःचे काम स्वतः पेलण्यापुरती जी सामग्री आणि माणसे लागतात ती कमी पडू लागली. गटापर्यंत हे ओझे पोहोचण्याआधी झेलायचे ते पर्यवेक्षकाने. गट चालले तेव्हा त्याचे काम तेच होते: बीम वेळेवर आणणे, सूत चांगले मागून घेणे, बाहेरचा गोंधळ बाहेर थोपवणे. ते जमेनासे झाले की तो पुन्हा आत शिरतो, एकेका माणसाला एकेक काम सांगू लागतो, आणि त्यातला प्रत्येक हुकूम त्या दिवसापुरता अगदी शहाणपणाचा असतो. एका पट्ट्यावर माणूस कमी आहे, दुसऱ्यावरून एक उचलून इकडे लावावा, यात गैर ते काय, असे कुठल्याही पर्यवेक्षकाला वाटेल. पण सातातला एक असा रोज कुठेतरी पाठवला जाऊ लागला की उरलेल्या सहांना आपल्या पट्ट्याचा जाब देता येत नाही, आणि पट्ट्याचा जाब देता येईना की विणकर पुन्हा आपल्या अठ्ठावीस मागांपुरता उरतो.